पुण्यातलं पहिलं वर्ष, नाटकाची तालीम आणि साडेनऊचं गेट

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मी जिंतूर तालुक्यातली. बारावीनंतर पुण्यात बीएस्सीला प्रवेश घेतला, नारायण पेठेत मुलींच्या खासगी होस्टेलवर राहते. कॉलेजात पुरुषोत्तम करंडकासाठी नावं घेताहेत. शाळेत स्नेहसंमेलनात कामं केली होती, त्यामुळे जावंसं वाटतं. पण आबा म्हणतात, शिकायला पाठवलंय, नाटकं करायला नाही. होस्टेलचं गेट साडेनऊला बंद होतं. माझ्या बोलण्याला वर्गात हसतात. यात पडावं, की गुमान अभ्यास करावा?’

बाळा, नाव दे. आज-उद्याकडेच दे, कारण ही यादी फार दिवस उघडी नसते. बाकीचं आता सविस्तर सांगते. मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात 24 वर्षं रसायनशास्त्र शिकवते आहे आणि त्यातली 19 वर्षं सांस्कृतिक मंडळाचं काम माझ्याकडे आहे. तुझ्यासारख्या मुली दर वर्षी जुलैत माझ्या केबिनच्या दाराशी येतात, आत यावं की नको अशा बेतात उभ्या राहतात आणि बऱ्याचदा तशाच परत जातात. त्या परत गेलेल्या मुलींची मला अजून रुखरुख आहे.

मोठ्या शहरात पहिल्या वर्षी अभ्यासाहून जास्त छळते ती एक गोष्ट. आज आपण खोलीवरच पडून राहिलो तर कुणाच्या लक्षातही येणार नाही, ही जाणीव. गावात दोन दिवस दिसली नाहीस तर शेजारची काकू विचारते, ‘पोरगी कुठं गेली?’ इथं एकेका वर्गात शंभरावर मुलं. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: तू गेली नाहीस तर काम अडेल, अशी एक जागा धर. एकच. पहिल्या महिन्यात पाच ठिकाणी नावं देऊन सप्टेंबरात सगळीकडून गळालेली मुलं मी खंडीभर पाहिली आहेत. एका जागी पाय रोवून राहिलेली मुलं मात्र तिसऱ्या वर्षापर्यंत टिकतात, आणि त्यांचे मार्कही फारसे घसरत नाहीत.

पुरुषोत्तमबद्दल आधी थोडं सांगते, कारण आबांना तुलाच समजावून सांगायचं आहे. ही कॉलेजांमधली एकांकिका स्पर्धा महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून भरवते. पुण्यातली प्राथमिक फेरी ऑगस्टमध्ये आणि अंतिम सप्टेंबरात, सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात. बसवणारे, काम करणारे, दिवे धरणारे सगळे विद्यार्थीच. प्रेक्षागृहात कॉलेजाकॉलेजांची मुलं ‘आव्वाज कुणाचा’ म्हणून छप्पर उचलतात, आणि तिसरी घंटा झाली की तीच मुलं श्वास रोखून बसतात. एवढी वर्षं झाली तरी त्या शांततेत माझ्या अंगावर काटा येतो. 2022 साली परीक्षकांनी एकाही एकांकिकेला मुख्य करंडक दिला नाही. त्या पात्रतेचं काम दिसलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावरून पुण्यात बरीच वादावादी झाली. मला तो निर्णय कडक वाटला, पण स्पर्धेची पत त्याने कळते. आणि तुझ्या दृष्टीने त्यातली कामाची गोष्ट ही, की करंडक मिळो न मिळो, दोन महिन्यांची तालीम तुझ्या पदरात पडतेच.

आता भूमिकेचं. पहिल्या वर्षाच्या मुलीला मोठी भूमिका मिळणं अवघड असतं. वाचनाला चाळीस मुलं येतात, संहितेत पात्रं सात. त्यात दोन वर्षं घासलेली सीनियर मुलं असतात. नाव आलं नाही म्हणून घरी बसलीस तर सगळं तिथंच संपलं. सरळ दिग्दर्शकाकडे जा आणि म्हण, ‘मला बॅकस्टेजला घ्या.’ बॅकस्टेज म्हणजे उरलेल्यांची जागा असा समज पुण्यातल्या मुलांचाही असतो. माझा अनुभव नेमका उलटा आहे, आणि त्याचं एक उदाहरण सांगते.

काही वर्षांपूर्वी औसा तालुक्यातला एक मुलगा आमच्याकडे होता. वाचनाला आला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटेना. त्याला प्रॉपर्टी दिली, म्हणजे रंगमंचावर लागणाऱ्या वस्तू जमवायच्या, सांभाळायच्या आणि वेळेवर जागेवर ठेवायच्या. नाटकात एक पितळी तांब्या होता. म्हातारी पाणी पिते आणि तो लेव्हलवर, म्हणजे रंगमंचावरच्या लाकडी चौथऱ्यावर ठेवते, एवढंच. एक दिवस बघते तर हा पोरगा तांब्यात निम्मंच पाणी भरतोय. विचारलं, तर म्हणाला, ‘मॅडम, त्या प्रसंगात ताईचा हात खरंच थरथरतो. भरून ठेवला की हिंदकळतं, लेव्हल ओली होते, अन् पुढच्या एंट्रीला दादा पळत येतो. घसरंल.’ आम्ही सगळे संवादांत आणि हालचालींत अडकलो होतो. हे एकट्या त्याने पाहिलं होतं. त्यानंतर तो दोन दिवस तापाने आला नाही, तर पहिल्यांदा तालमीत आरडाओरडा झाला, ‘तो कुठाय? तांब्या कोण भरणार?’ तिघं जण त्याच्या खोलीवर औषधं घेऊन गेले. दुसऱ्या वर्षी त्यानेच नेपथ्य केलं, तिसऱ्या वर्षी एकांकिका लिहिली. जागा धर म्हणते ती अशी.

बॅकस्टेजला काय मागून घ्यावं, हेही सांगते. तू विज्ञानाची आहेस, तेव्हा प्रकाशयोजना माग. कोणता दिवा कुठल्या कोनातून मारला की चेहऱ्यावर सावली पडते, उजेड कमी-जास्त करणारा डिमर किती आकड्यावर ठेवायचा, कुठल्या वाक्याला ब्लॅकआउट, हे सगळं वहीत लिहून ठेवायचं काम असतं. प्रॅक्टिकलचं जर्नल नेटकं लिहिणाऱ्या मुलींना ते पटकन जमतं. वर मुली लाइट्सला कमी येतात, त्यामुळे तिथं शिकवणारेही मनापासून शिकवतात.

तुझ्या बोलण्याला हसतात, ते वाचून मला वाईट वाटलं. तू ‘मी येऊ लाले’ म्हटल्यावर मागच्या बाकावर खसखस पिकत असणार. एवढं लक्षात ठेव, की तू बोलतेस ती चुकीची मराठी नाही, परभणीकडची मराठी आहे. आमच्या एका एकांकिकेत मराठवाड्यातली बाई होती आणि भूमिका कोथरूडच्या मुलीकडे. ती जे काही बोलत होती त्यात थोडी कोल्हापुरी होती, थोडं सिनेमातलं गावरान आणि थोडं मनाचं. प्रॉम्प्टिंगला, म्हणजे विसरलेली वाक्यं सांगायला बसलेली नांदेडकडची मुलगी चौथ्या दिवशी न राहवून म्हणाली, ‘आमच्याकडं असं कुणीच बोलत नाही.’ दिग्दर्शकाने संहिता तिच्या हातात दिली आणि म्हणाला, ‘मग तू बोलून दाखव.’ ती बोलली. तालमीच्या खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं. पुढचे तीन आठवडे त्या कोथरूडच्या मुलीने तिच्या शेजारी बसून एकेक वाक्य घोटलं. दोघी आजही एकमेकींच्या घरी जातात.

त्याचबरोबर प्रमाण भाषाही शीक. घरची टाकून द्यायला नाही, आणखी एक हाताशी असावी म्हणून. रोज पंधरा मिनिटं गच्चीवर जाऊन वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाच. ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’, ‘श’ आणि ‘ष’ कडे लक्ष ठेव, वाक्याच्या शेवटी आवाज पडू देऊ नकोस. आपल्याकडच्या बहुतेक मुलांचं, आणि पुण्यातल्या मुलांचंही, वाक्याचं शेपूट गिळलं जातं. मागच्या रांगेतल्या माणसाला नेमकं तेच ऐकू येत नाही. दोन महिन्यांत फरक पडतो, आणि तो नंतर तोंडी परीक्षेत नि मुलाखतीत दिसतो.

अभ्यासाचा प्रश्न खरा आहे. इथं माझी एक चूक सांगितली पाहिजे. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाला आम्ही मुख्य भूमिका दिली. मुलगा गुणी होता, रात्री उशिरापर्यंत थांबायचा, आणि प्रॅक्टिकल बुडवतोय हे मला माहीत होतं. ‘स्पर्धा झाली की भरून काढेल’ असं मी स्वतःलाच सांगत राहिले. त्याचे तीन विषय राहिले, वर्ष गेलं. त्याचे वडील भेटायला आले तेव्हा एक शब्दही वावगा बोलले नाहीत. नुसते बसून राहिले. ते बसणं मी विसरलेले नाही. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: निवड झालेल्या प्रत्येकाने प्रॅक्टिकलच्या बॅचचे वार आणि अंतर्गत परीक्षांच्या तारखा एका कागदावर लिहून आणायच्या, तो कागद तालमीच्या खोलीत भिंतीवर लागतो, आणि त्या तासाला त्या मुलाला तालमीला बोलवायचं नाही. तुमच्याकडे असा कागद नसेल तर तू स्वतःचा कर आणि दिग्दर्शकाला पहिल्याच दिवशी दे. नंतर दिलास तर सबब वाटते.

तासांचा हिशेब मांडून बघ. आठवड्याचे 168 तास. रोज सात तास झोप धरली तर 49 गेले. लेक्चर आणि प्रॅक्टिकल मिळून 30 धर. जेवण, कपडे धुणं, येणं-जाणं 25. तालीम रोज तीन तास, सहा दिवस, म्हणजे 18. उरले 46. त्यातले वीस तास तू पुस्तक घेऊन बसलीस तर पहिल्या वर्षाला ते पुरतात. पण हा हिशेब शेवटच्या दहा दिवसांत कोसळतो, तेव्हा तालीम पाच-सहा तास चालते. म्हणून त्या दहा दिवसांत येणारी जर्नलं आणि असाइनमेंट्स आधीच्या आठवड्यात हातावेगळ्या कर. पहिल्या सत्राची परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास येते. स्पर्धेनंतर तयारीला वेळ मिळतो, पण चारच आठवडे.

हजेरीचंही तसंच. 75 टक्क्यांची अट कागदावरची समजू नकोस. स्पर्धेच्या दिवसांची हजेरी सांस्कृतिक विभागाच्या पत्रावर मिळते, रोजच्या तालमीची मिळत नाही. डिफॉल्टर, म्हणजे हजेरी कमी पडलेल्यांच्या यादीत नाव लागल्यावर धावाधाव करणारी मुलं मी दर वर्षी बघते. प्रत्येक विषयाची हजेरी महिन्याच्या महिन्याला वहीत टिपून ठेव. आणखी एक चौकशी आताच कर. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना), एनसीसी, खेळ आणि सांस्कृतिक कामाला सहशैक्षणिक म्हणून क्रेडिट आहेत. तुमच्या कॉलेजात ते कुठल्या सत्रात घेता येतं आणि नोंदणी कुणाकडे करायची, ते विचार. करायचंच आहे ते काम गुणपत्रिकेत दिसत असेल तर आबांनाही पटेल.

गेट साडेनऊचं. इथं तुला भीड वाटणार, म्हणून स्पष्ट लिहिते. ज्या मुलींना लवकर परत जायचं आहे त्यांचे प्रसंग आधी घ्यायचे, ही जबाबदारी तालीम घेणाऱ्याची आहे. तू सवलत मागत नाहीयेस. आमच्याकडे होस्टेलच्या मुली साडेआठला निघतात आणि जोडीने निघतात, पोचल्यावर ग्रुपवर निरोप टाकतात. शेवटच्या आठवड्यासाठी कॉलेजच्या लेटरहेडवर तारखा, वेळा आणि जबाबदार शिक्षकाच्या फोन नंबरासह पत्र घे आणि होस्टेलच्या बाईंना स्वतः नेऊन दे. सोबत तालमीचं वेळापत्रक दे, आणि निघताना फोन करत जा. बहुतेक रेक्टरबाई एवढ्यावर तास-दीड तास वाढवून देतात, कारण त्यांना मुलगी कुठे आहे हे माहीत असणं महत्त्वाचं असतं. पत्र देऊनही परवानगी नाकारली तर खोटं बोलून थांबू नकोस. बॅकस्टेजचं दिवसाचं काम माग: कपडेपट, प्रॉपर्टी, पोस्टर, अर्ज भरणं. ते कुणालाच करायचं नसतं आणि त्याच्याशिवाय नाटक उभं राहत नाही. आणि रात्री थांबल्याशिवाय निष्ठा दिसत नाही, असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नकोस. सगळे नुसतेच बसलेत अशा रात्री अकराच्या तालमी मी बऱ्याच पाहिल्यात.

आबांचं. त्यांचं चुकत नाही गं. होस्टेलचं भाडं, मेस, फी, एवढं सगळं शेतीच्या भरवशावर भरायचं म्हणजे ‘नाटक’ या शब्दाने त्यांच्या पोटात गोळा येणारच. परवानगी मागण्याआधी त्यांना हिशेब दे: रोज किती ते किती, कोण शिक्षक सोबत आहेत, परीक्षा कधी, खर्च किती. त्यांना डॉ. जब्बार पटेलांचं सांग. मूळचे पंढरपूरचे, शाळा सोलापुरात, पुण्यात आले ते बी. जे. मेडिकलला डॉक्टर व्हायला. कॉलेजात एकांकिका केल्या, डॉक्टरही झाले आणि दौंडला दवाखाना चालवला. नाटक-सिनेमातलं त्यांचं काम तर सगळ्यांना माहीत आहे. आणि जमलं तर आबांना प्राथमिक फेरीला बोलाव. परभणीहून रात्रीच्या गाडीने सकाळी पोचता येतं. आमच्याकडे असे बरेच वडील आले आहेत. पडदा पडल्यावर ते मुलीशी फारसं बोलत नाहीत, मला मात्र बाजूला घेऊन विचारतात, ‘हे दिवे हीच लावत होती का?’

पैशांचं थोडक्यात. स्पर्धेचा खर्च कॉलेजच्या निधीतून होतो, पण चहा-नाश्ता, रिक्षा, रंग, कापड यांची कॉन्ट्री, म्हणजे वर्गणी निघते. तुला जड जात असेल तर ते दिग्दर्शकाला किंवा मॅडमना एकटं गाठून सांग. आतापर्यंत असं सांगणाऱ्या एकाही मुलाला मी ग्रुपबाहेर पडू दिलेलं नाही, आणि माझ्या ओळखीचे बाकीचे प्राध्यापकही देणार नाहीत. कमवा व शिका योजनेची चौकशी कार्यालयात कर. ग्रंथालयात किंवा प्रयोगशाळेत तासांवर काम मिळतं. राहण्याचा खर्च फारच झेपेनासा झाला तर विद्यार्थी साहाय्यक समितीची वसतिगृहं आहेत. 1955 पासून ही संस्था ग्रामीण भागातल्या मुलामुलींसाठी काम करते. पुढच्या वर्षीच्या प्रवेशाचा अर्ज वेळेत भर.

आणि नाटक नाहीच जमलं तर? एनएसएस चांगलं आहे: दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं शिबिर. गावात काम करायचं असतं, तिथं तू पुण्याच्या मुलांपेक्षा चार पावलं पुढे असशील. बोलायची आवड असेल तर वादविवादाची टीम. ढोल पथकाचं आकर्षण सगळ्यांनाच असतं, सरावही याच दोन महिन्यांत असतो. पण कमरेला ढोल बांधून तासन् तास उभं राहायचं, शिवाय ते कॉलेजबाहेरचं, त्यामुळे हजेरीला त्याचा काही आधार नाही. ते दुसऱ्या वर्षी बघ. फिरोदिया करंडकही लक्षात ठेव. तिथं नाटकातच गाणं, नाच, चित्र, शिल्प अशा वेगवेगळ्या कला गुंफायच्या असतात. तुला रांगोळी येत असेल, जात्यावरच्या ओव्या पाठ असतील, तर तिथं त्याचं सोनं होतं. घरी गेलीस की आजीकडून ओव्या लिहून आण. हे मी अगदी मनापासून सांगते आहे, कारण पुण्यातल्या मुलांकडे त्या नाहीत.

शेवटी रविवारचं सांगते. पुण्यात मेस रविवारी संध्याकाळी बंद असते. बाहेरगावच्या मुलांना घरची आठवण सगळ्यात जास्त येते ती त्याच वेळी, आणि नेमके तेव्हाच बिस्किटं खाऊन झोपतात. आमच्या ग्रुपमध्ये रविवारच्या तालमीला एक जण विचारतो, ‘आज कुणाकुणाची मेस बंद?’ हात वर होतात आणि पुण्यात घर असलेली मुलं तेवढ्या पोळ्या जास्त घेऊन येतात. तुमच्याकडे कुणी विचारत नसेल तर पहिल्या रविवारी तू विचार. आणि डबा पुढे आला की ‘नको, जेवले मी’ म्हणू नकोस.